पोट एक, अवयव अनेक



“सिस्टर, पोट दुखतंय.” परिचारिकेच्या नोकरीत हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कुठलेच ऐकले नसेल. “कुठे दुखतंय?” असे विचारले की माणूस पोटावरून गोल हात फिरवतो आणि म्हणतो, “इथे, सगळीकडे.” पण पोट हा काही एक अवयव नाही. छातीखालच्या पडद्यापासून ओटीपोटापर्यंतच्या पोकळीत जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, लहान आतडे, मोठे आतडे आणि पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडे, अशी सगळी मंडळी दाटीवाटीने राहतात. प्रत्येकाचे काम वेगळे, दुखणे वेगळे आणि औषधही वेगळे.

हे तरुणांपेक्षा आपल्या वयाच्या माणसांना जास्त ठाऊक असायला हवे. म्हातारपणी वेदना बोथट होते. आतडे अडले किंवा आतल्या आत सूज आली, तरी तरुणासारखी जोराची कळ येत नाही आणि तापही फार चढत नाही. अशा वेळी “जरा पोट बिघडलंय” एवढेच सांगितले तर ऐकणाऱ्यालाही ते साधेच वाटते आणि मोलाचे तास वाया जातात. म्हणून आजच्या लेखात पोटातल्या अवयवांची ओळख करून घेऊ.

ओमानची राजधानी मस्कत. तिथे रुवीला लागून हमरिया नावाचा भाग आहे. आपल्याकडची, केरळची, बांगलादेशची कामगार मंडळी तिथे मोठ्या संख्येने राहतात. त्या भागातल्या एका दवाखान्यात मी काही वर्षे काम केले. मल्याळी माणूस “वयर” म्हणे, बंगाली आणि हिंदी बोलणारा “पेट”, अरब “बत्न” आणि आपला कोकणातला माणूस “पोट”. शब्द चार, पण चौघांचीही तक्रार तेवढ्याच एका शब्दात संपायची. भाषा पुरत नसे, तेव्हा आम्ही एकच गोष्ट सांगायचो: एका बोटाने दाखवा. पंजा फिरवू नका, एक बोट ठेवा. घरी, दवाखान्यात, मुलांना फोनवर सांगतानाही हीच सवय लावून घ्या. त्या बोटाखाली कोण आहे ते आता पाहू.

आपल्याला ही नावे तशी नवी नाहीत

शाळेच्या पुस्तकातले यकृत म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली कलेजी. मूत्रपिंड म्हणजे गुर्दा. प्लीहा म्हणजे तिल्ली. जठर म्हणजे साफ करायला कंटाळा येतो ती वजडी. कोंबडीचा पेटा हेही तिचे एक जठरच. ज्यांनी घरी मांस, मासळी साफ केली आहे त्यांनी शरीरशास्त्राचा पहिला धडा केव्हाच गिरवला आहे.

आपल्या समाजाचे तर याच ज्ञानाशी जुने नाते आहे. दावीद राहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी पर व खवले असलेलीच मासळी वेगळी काढली, असे परंपरेने सांगतात. रावस, पापलेट चालते, कोळंबी, खेकडे आणि मुशी चालत नाहीत, हे आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते. त्या प्राण्याचे शरीर पाहून ओळखत होत्या. आता तीच नजर आपल्या शरीराकडे वळवायची आहे.

तोंड आणि दात

शेळी चरताना पाहिली असेल. तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे एक कडक गादी असते. पाला ओरबाडून ती घाईने गिळते. मग सावलीत बसून तोच घास पुन्हा तोंडात आणते आणि दाढांखाली सावकाश चावते. यालाच रवंथ म्हणतात. तोरामध्ये वायिक्राच्या ११ व्या अध्यायात खाण्यायोग्य जनावराच्या दोन खुणा सांगितल्या आहेत: खूर पूर्ण दुभंगलेले हवे आणि ते रवंथ करणारे हवे.

माणसाला रवंथ नाही. घास एकदा गिळला की गिळला. म्हणून आपल्याला चावण्याची संधी एकदाच मिळते आणि दात गेल्यावर तीही अर्धी होते. पचन पोटात नव्हे, तोंडातच सुरू होते. दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती पिठूळ पदार्थांचे पचन सुरू करते. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, ती त्यामुळेच. वयाबरोबर आणि काही औषधांमुळे तोंड कोरडे पडते. कवळी सैल झाली असेल तर दुरुस्त करून घ्या. भाकरी कालवणात भिजवा, मांस मऊ शिजवा, जेवताना बोलणे कमी ठेवा. वृद्धांच्या घशात घास अडकतो तो बहुधा घाईमुळे.

अन्ननलिका

घशापासून जठरापर्यंत साधारण २५ सेंटीमीटर लांबीची ही स्नायूंची नळी. ती घास नुसता खाली पडू देत नाही, लाटेसारखी आकुंचन पावत पुढे ढकलते. शेळीच्या अन्ननलिकेत घास दोन्ही दिशांनी ये-जा करतो. आपल्या नलिकेच्या तळाशी मात्र वर येऊ न देणारी एक झडप असते. ती सैल पडली की जठरातले आंबट पाणी वर येते आणि छातीत जळजळते. यावर घरचा उपाय सोपा आहे: रात्री पोटभर जेवू नका, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका, पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच करा.

गोळी नेहमी बसून आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्या. हाडांच्या ठिसूळपणावरच्या काही गोळ्या घेतल्यानंतर तर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, कारण अडकलेली गोळी नलिकेला जखम करते. आणि आधी भाकरी अडकू लागली, मग मऊ भातही अडकू लागला, वजनही उतरले, तर “वयामुळे होतंय” म्हणून बसू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा.

जठर

छातीच्या पिंजऱ्याखाली, मध्यापासून किंचित डावीकडे ही पिशवी असते. साधारण एक ते दीड लिटर अन्न तिच्यात मावते. साधे जेवण तिच्यात दोन ते चार तास राहते, तेलकट जेवण आणखी जास्त.

शेळी, मेंढी, गाय यांच्या पोटात चार कप्पे असतात. पहिले कोटीपोट. मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक मावते, आणि तिथे असंख्य सूक्ष्म जंतू गवत आंबवतात. वजडीचा टॉवेलसारखा लव असलेला भाग तो हाच. दुसरे जाळीपोट, मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे. तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात. चौथे खरे पोट. आम्लरस तिथे असतो आणि आपल्या जठराशी साम्य त्याचेच. दूध पिणाऱ्या वासराच्या या चौथ्या पोटातून दूध गोठवणारा रेनेट नावाचा पदार्थ काढत आणि त्याने चीज बनवत. आपल्याकडे चीजसुद्धा कोशेर आहे का ते पाहतात, त्याचे एक कारण हे आहे.

ओमानमध्ये उंट पुष्कळ. तो रवंथ करतो, पण त्याच्या पोटात कप्पे तीनच, आणि पायाला दुभंगलेला खूर नाही. दोन बोटांखाली एकच मऊ गादी असते, म्हणून तो वाळूत रुतत नाही. तोराने उंटाला नाव घेऊन वर्ज्य केले आहे ते याच खुणेवर. त्याच्या मदारीत पाणी असते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तिथे चरबी असते.

कोंबडीला दात नाहीत. तिच्या गळ्याशी दाणे साठवायची पिशवी असते आणि पुढे पेटा. तिने गिळलेले बारीक खडे या जाड स्नायूच्या पिशवीत दाणे भरडतात. पेटा साफ करताना आतले पिवळे साल सोलून निघते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मिश्नामध्ये शुद्ध पक्ष्यांच्या ज्या खुणा दिल्या आहेत त्यांत गळ्यातली पिशवी आणि हे सोलून निघणारे सालही आहे.

आपल्या जठरात तीव्र आम्ल असते, तरी ते स्वतः जळत नाही, कारण आतून बुळबुळीत अस्तर असते. गुडघेदुखीसाठी आपण ज्या गोळ्या घेतो त्या नेमके हे अस्तर कमकुवत करतात. उपाशीपोटी, डॉक्टरांना न विचारता, महिनोन्महिने या गोळ्या घेतल्या तर जठरात व्रण होतो. तो कधी दुखतो, कधी दुखतही नाही, नुसता आतून रक्त सोडतो. मग शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण चिकट काळे दिसले की तर्क करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

यकृत आणि पित्ताशय

उजव्या बरगड्यांखाली बोट ठेवा. इथे यकृत आहे, सुमारे दीड किलो वजनाचे. इब्रीत यकृताला “कावेद” म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ “जड” असाही आहे. अरबीत “कबिद”. पोटालाही अरबी “बत्न”, तर इब्री “बेतेन”. बहिणी-बहिणी आहेत या भाषा. आतड्यातून शोषलेले बहुतेक अन्नरस रक्तावाटे आधी यकृताकडे जातात आणि तिथे त्यांची निवड, साठवण, शुद्धी होते. इतके रक्त असते म्हणूनच कलेजी मीठ लावून कोशेर होत नाही, ती विस्तवावर भाजावी लागते.

कोंबडी साफ करताना हिरवी पिशवी फुटली तर कलेजी कडूजहर होते. ते पित्ताशय. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात फक्त साठते, आणि चरबी पचवायला आतड्यात सोडले जाते. या पिशवीत खडे झाले की तळलेले, तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते. पिशवी काढायला सांगितली की लोक घाबरतात. पण उंटाला आणि घोड्याला पित्ताशय मुळातच नसते आणि त्यांचे काही अडत नाही. पिशवी काढल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरे झाले तर पित्ताची वाट अडली आहे असे समजा. झाडपाल्याचे औषध शोधत दिवस घालवू नका.

स्वादुपिंड

जठराच्या मागे, पाठीला लागून साधारण १५ सेंटीमीटरची ही ग्रंथी. ती पाचकरस आतड्यात सोडते आणि इन्शुलिन रक्तात. हिची वेदना पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाते आणि पुढे वाकून बसले की थोडी कमी होते.

इन्शुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटोमध्ये लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला दिले गेले. त्यानंतर अनेक दशके ते गायीच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. “डुकराचे आहे, कसे टोचून घेऊ?” असा प्रश्न काहींना पडे. उत्तर एकच: पिकुआख नेफेश, जीव वाचवणे सर्वांत आधी. १९८२ पासून मानवी इन्शुलिन जंतूंकडून तयार करून घेतले जाऊ लागले आणि आज बहुतेक ठिकाणी तेच मिळते. याच नियमाने, इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी योम किप्पूरचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

आतडी

बेंबीभोवती लहान आतड्याची वेटोळी आहेत. लांबी सुमारे सहा मीटर. अन्नाचे खरे शोषण इथे होते. पाला खाणाऱ्या शेळी-मेंढीचे आतडे त्यांच्या अंगाच्या लांबीच्या वीस-पंचवीस पट असते. जुन्या काळी जखम शिवायला आम्ही कॅटगट नावाचा धागा वापरत असू. नावात मांजर असले तरी तो मेंढीच्या आतड्यापासून करत आणि शरीरात आपोआप विरघळे.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर. उजवीकडे खालून ते वर चढते, आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. सुरुवातीला एक शेपटीसारखा तुकडा असतो, आंत्रपुच्छ. अपेंडिक्स म्हणतात ते हेच. मोठे आतडे पाणी शोषून घेते. शेळीच्या कोटीपोटात जसे जंतू असतात तसे आपल्याकडे ते इथे असतात. बिरड्याच्या सणाला वालाचे बिरडे खाल्ले की पोट गुडगुडते, कारण वालातल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या इथे पोचतात आणि जंतू त्या आंबवून वायू करतात. हा आजार नव्हे. मोड आणलेले, सोललेले, नीट शिजलेले वाल कमी प्रमाणात खा, त्रास कमी होईल.

बद्धकोष्ठतेत आधी पाणी, भाजी, फळे आणि रोजचे चालणे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारा. रोज जुलाबाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. साठीनंतर शौचाची सवय कारण नसताना बदलली, काही आठवडे तशीच राहिली किंवा रक्त दिसले, तर मूळव्याध समजून सोडून देऊ नका.

बोट कुठे आहे?

आता पुन्हा एक बोट ठेवा.

उजव्या बरगडीखाली: पित्ताशय, यकृत.
वर मध्यभागी: जठर, स्वादुपिंड, आणि हृदयसुद्धा.
बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी वेदना: आंत्रपुच्छ.
डावीकडे खाली: मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग.
पाठीतून जांघेकडे येणारी कळ: मूत्रपिंड, मुतखडा.
खाली मध्यभागी: मूत्राशय. पुरुषांची लघवी अडली तरी इथेच फुगते.

ही यादी निदान करायला नाही. ती डॉक्टरांना नेमके सांगता यावे म्हणून आहे. आणि “हृदय” हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. हृदयविकाराचा झटका म्हातारपणी, स्त्रियांना आणि मधुमेह्यांना पुष्कळदा छातीत न दुखता येतो. पोटाच्या वरच्या भागात जडपणा, मळमळ, दरदरून घाम, दम लागणे एवढेच होते, आणि घरात “गॅस झालाय” म्हणून सोडा किंवा ओवा दिला जातो. अशा वेळी ओवा बाजूला ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात १०८, इस्राएलमध्ये १०१.

आणखी या गोष्टींत सकाळची वाट पाहायची नाही:
पोट फुगले, उलट्या होताहेत आणि वारा किंवा शौच काहीच सरत नाही.
पोट लाकडासारखे कडक झाले, हात लावू देत नाही.
उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळे काही पडले.
पोटदुखीबरोबर चक्कर, घाम, ग्लानी.

शौचाला जाऊन आल्यावर हात धुऊन म्हणायची “अशेर यात्सार” ही प्रार्थना आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. देवाने माणसाला शहाणपणाने घडवले, त्यात द्वारे आणि पोकळ्या ठेवल्या, त्यातले एक जरी फुटले किंवा अडले तर माणूस उभा राहू शकणार नाही, असा तिचा भावार्थ. वर सांगितलेल्या पहिल्या दोन धोक्याच्या खुणा म्हणजे हेच अडणे आणि फुटणे. ज्यांनी ती प्रार्थना रचली त्यांनी पोटाची किंमत बरोबर ओळखली होती.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा: बोट कुठे ठेवले, केव्हापासून दुखते, कशाने वाढते किंवा कमी होते, शौच-लघवी कशी आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्या. त्यांना या निमित्ताने कलेजीला यकृत म्हणतात हेही कळेल. हा अंक घरात सर्वांच्या हाताशी ठेवा आणि शेजारी एकटे राहणारे कोणी वृद्ध असतील तर त्यांना एवढे तरी नक्की सांगा: पोट दुखले तर लपवू नका, आणि सांगताना एका बोटाने दाखवा.